पिठ्या ढेकूण आणि त्याच्यासोबत येणारे विषाणू: द्राक्ष, केळी, मिरी बागायतदारांचे नेहमीचे प्रश्न

पिठ्या ढेकूण डोळ्यांना दिसतो, म्हणून त्याच्यावर फवारणी होते. त्याच्या सोंडेतून वेलीत उतरलेला विषाणू दिसत नाही, आणि तो छाटलेल्या काडीबरोबर पुढच्या वर्षी दुसऱ्या बागेत जातो. नाशिक, सांगली, सोलापूरच्या द्राक्षबागा, जळगावची केळी आणि कोकणातली मिरी, या सगळ्यांच्या बाबतीत पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न इथे घेतले आहेत. द्राक्षाबद्दल सर्वांत जास्त लिहिलं आहे, कारण पिठ्याशी सर्वांत मोठी झुंज आपल्याकडे तिथेच चालते.

पिठ्या ढेकूण नक्की ओळखायचा कसा?

दोन ते चार मिलिमीटर लांबीची, मऊ, लांबट गोल कीड. अंगावर पांढरी मेणचट भुकटी. द्राक्षात आपल्याकडे सर्वांत जास्त आढळतो तो गुलाबी पिठ्या. तो चिरडला की बोटाला गुलाबी रंग लागतो. मादी कापसासारख्या पुंजक्यात अंडी घालते आणि एका मादीची ३०० ते ५०० अंडी सहज होतात. नर चिलटासारखा, पंख असलेला. त्याला रस शोषायला तोंडच नसतं, दोन-चार दिवसांत तो मरतो. नुकसान करतात ती मादी आणि पिल्लं.

बागायतदाराने खरं लक्ष द्यायचं ते नुकत्याच बाहेर पडलेल्या पिल्लांकडे. ती फिकट गुलाबी-केशरी, मोहरीच्या दाण्यापेक्षाही लहान असतात. अंगावर अजून मेण चढलेलं नसतं, त्यामुळे औषध त्यांनाच नीट लागतं. आणि वाऱ्यावर, मुंग्यांच्या तोंडात, मजुरांच्या कपड्यांवर बसून एका वेलीवरून दुसरीवर जातात तीही हीच पिल्लं. उन्हाळ्यात एक पिढी साधारण महिन्याभरात पूर्ण होते. साध्या भिंगाने खोडाची सुटलेली साल उचलून बघितली, तर घडात शिरण्याच्या कितीतरी आधी हे सगळं दिसतं.

शेंडा चुरडला, पानं गुच्छासारखी झाली. हा व्हायरस आहे का?

बहुतेक वेळा नाही. गुलाबी पिठ्या रस शोषताना लाळेतून विषारी द्रव्य सोडतो. त्यामुळे कोवळा शेंडा आखडतो, पेरं जवळ येतात, पानं मुरडतात. दिसायला हे अगदी विषाणूसारखं असतं, आणि 'बागेत व्हायरस आला' म्हणून घबराट होते. फरक पुढच्या फुटीत कळतो. कीड काढून टाकल्यावर नवीन फूट सरळ, निरोगी आली तर तो लाळेचा परिणाम होता. विषाणू असता तर नवीन फूटही कधी ना कधी त्याच लक्षणांवर आली असती.

पानांवरचा चिकटा आणि त्यावर चढलेली काळी बुरशी हाही विषाणू नाही. पिठ्या गोड स्राव टाकतो, त्यावर काजळीसारखी बुरशी वाढते. घड बाजारात नेण्याजोगा राहत नाही हे खरं. पण कीड आटोक्यात आली की हा त्रास संपतो.

मग विषाणू पसरतो कसा?

पिठ्याची सोंड पानाच्या शिरेतल्या अन्नवाहिनीत पोचते. द्राक्षातल्या पानमुड्या म्हणजे लीफरोल रोगाचे विषाणू तिथेच राहतात. रोगट वेलीचा रस शोषताना विषाणू किडीच्या तोंडाच्या आतल्या भागाला चिकटतो. यातला जगभर सर्वांत त्रासदायक ठरलेला प्रकार जीएलआरएव्ही-३. त्याच्या बाबतीत एका तासाचं शोषण पुरेसं होतं. दिवसभर शोषलं तर शक्यता आणखी वाढते. निरोगी वेलीवर जाऊन सोंड खुपसली की तिथेही तासाभरात विषाणू जाऊ शकतो.

दिलासा देणाऱ्या गोष्टीही आहेत. हा विषाणू किडीत कायमचा राहत नाही. साधारण चार दिवसांत तिची पसरवण्याची ताकद जाते, आणि कात टाकल्यावरही जाते. अंड्यांतून तो पुढच्या पिढीत जात नाही. म्हणजे निरोगी वेलीवर जन्मलेलं पिल्लू निरोगीच असतं. पिठ्या चालतोही हळू, त्यामुळे एकट्या किडीच्या जिवावर रोग आजूबाजूच्या वेलींवर, त्याच ओळीत सरकत राहतो. दहा-वीस किलोमीटरची उडी त्याला माणूस मारायला लावतो. त्याबद्दल पुढे सविस्तर.

कोणकोणत्या पिकांत पिठ्यामुळे विषाणू पसरतो?

विषाणूच्या जातकुळीनुसार ढोबळमानाने दोन गट आहेत. पहिल्यात द्राक्षाचा लीफरोल आणि अननसाचा मर रोग येतात. दुसऱ्यात केळीवरचा स्ट्रीक, काळ्या मिरीवरचा पिवळा ठिपका आणि खुजेपणा, उसातला बॅसिलिफॉर्म विषाणू, आंध्रातल्या सातगुडी मोसंबीवरचा पिवळा मोझॅक, आणि पश्चिम आफ्रिकेतल्या कोकोचा 'स्वोलन शूट' म्हणजे फांद्या सुजण्याचा रोग. ही यादी बघा: बहुतेक पिकं काडी, कंद, मुनवे, फुटवा किंवा बेणं लावून वाढवली जातात. विषाणूला बागेतून बागेत जायला याहून सोपा रस्ता नाही.

पपई, कापूस, टोमॅटो, मोसंबी यांवरचे विषाणूही पिठ्यामुळेच येतात ना?

नाही. इथे चूक झाली की सगळा खर्च चुकीच्या किडीवर होतो. पपईचा रिंगस्पॉट मावा पसरवतो. टोमॅटोचा लीफ कर्ल आणि उत्तर भारतातल्या कापसाचा लीफ कर्ल पांढरी माशी पसरवते. मोसंबी-संत्र्यातला ट्रिस्टेझा माव्यामुळे पसरतो. केळीचा पर्णगुच्छ आणि जळगाव भागात दर पावसाळ्यात धास्ती घालणारा सीएमव्ही म्हणजे कुकुंबर मोझॅक विषाणू, हे दोन्ही माव्याचेच.

पपईवर आणि कापसावर पिठ्या येतो, आणि भयंकर येतो. कापसावरचा पिठ्या २००६ नंतरच्या हंगामांत देशभर पसरला. पपईवरचा २००८ मध्ये तमिळनाडूत पहिल्यांदा सापडला. या दोन्हींनी झाडं वाळवली, पण विषाणू आणला नाही. सीताफळातही प्रश्न किडीचा आणि काजळीचा आहे.

द्राक्षात लीफरोल आहे हे बघून कळतं का?

रंगीत वाणांत कळतं, पांढऱ्यांत फसवतं. शरद, क्रिमसन, फ्लेम, किंवा वाइनच्या शिराझ-कॅबरनेमध्ये मण्यात पाणी उतरायला लागलं की खालच्या जुन्या पानांपासून सुरुवात होते. शिरांच्या मधला भाग लाल-जांभळा पडतो, शिरा हिरव्या राहतात, पानाच्या कडा खालच्या बाजूला वळतात. हळूहळू हे वरच्या पानांकडे सरकतं. घड उशिरा पिकतात, गोडी चढत नाही, रंग फिका राहतो.

थॉमसन, सोनाका, तास-ए-गणेश यांसारख्या पांढऱ्या वाणांत पान थोडं पिवळट होतं, थोडं मुडपतं, किंवा काहीच दिसत नाही. 'या ओळीला गोडीच येत नाही' अशी तक्रार वर्षानुवर्षं चालते आणि खतांचे डोस बदलत राहतात. ज्या मुळाच्या रोपावर कलम भरतात त्या खुंटाचं तर त्याहून अवघड. डॉगरिजसारखा खुंट विषाणू असूनही लक्षण दाखवत नाही आणि त्यावर भरलेल्या प्रत्येक कलमात तो पोचतो.

हा रोग वेल मारत नाही, म्हणूनच त्याच्याकडे दुर्लक्ष होतं. पण जगभरच्या अभ्यासांत उत्पादनातली घट ४० टक्क्यांपर्यंत नोंदली गेली आहे, आणि ती एका वर्षापुरती नसते. बाग जितकी वर्षं उभी, तितकी वर्षं ती घट चालू राहते.

पान लाल पडणं हे मॅग्नेशियम किंवा पोटॅशच्या कमतरतेमुळेही होतं. मग ओळखायचं कसं?

आधी पसारा बघा. कमतरता असेल तर ती जमिनीच्या प्रतीप्रमाणे सलग पट्ट्यात दिसते, शेजारच्या वेली साधारण सारख्याच असतात. लीफरोलमध्ये एक वेल लालभडक, शेजारची हिरवीगार, असं चित्र असतं, किंवा एका वेलीपासून ओळीच्या दोन्ही बाजूंना हळूहळू सरकलेलं. मग कडा बघा: खाली वळलेल्या कडा आणि हिरव्या शिरा एकत्र आल्या की संशय पक्का. तिसरी खूण वर्षाची. मॅग्नेशियम फवारल्यावर पुढच्या हंगामात कमतरता सुधारते, विषाणूची वेल पुन्हा तशीच दिसते. खोडाला दोरीचा किंवा तारेचा फास बसला असेल तरीही वरची पानं लाल होतात, तेही एकदा वाकून बघा.

एवढं करूनही शेवटचा शब्द प्रयोगशाळेचाच.

तपासणी कशी आणि कधी करायची?

एलायझा आणि आरटी-पीसीआर या दोन पद्धती वापरल्या जातात. एलायझा स्वस्त, बऱ्याच नमुन्यांना सोयीची. पीसीआर जास्त बारकाईने पकडते. वेलीत विषाणू सगळीकडे सारखा पसरलेला नसतो, म्हणून नमुना कुठून घेतला यावर निकाल ठरतो. कोवळ्या शेंड्याचा नमुना पाठवला तर रोगट वेलही 'निरोगी' ठरू शकते. हंगामाच्या शेवटी खालच्या पक्व पानांचे देठ किंवा पक्व काडीच्या सालीखालचा भाग, आणि वेलीच्या दोन-तीन वेगवेगळ्या ओलांड्यांवरून (खोडापासून आडव्या नेलेल्या फांद्यांवरून), असा नमुना घ्या.

द्राक्षासाठी पुण्याजवळ मांजरी येथे राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे. नमुने पाठवण्याआधी तिथे विचारून पॅकिंग आणि वेळ ठरवा. प्रत्येक वेल तपासणं परवडणारं नाही. मात्र ज्या वेलींवरून काडी घ्यायची त्या मातृवेली तपासणं परवडतं, आणि तेवढं तरी प्रत्येकाने करावंच.

विषाणूवर औषध आहे का? दुकानात 'व्हायरससाठी' म्हणून बाटल्या मिळतात.

उभ्या वेलीतला, झाडातला विषाणू काढून टाकेल असं कोणतंही फवारणीचं औषध नाही. त्या बाटल्यांमध्ये बहुधा सूक्ष्म अन्नद्रव्यं, समुद्री शेवाळाचा अर्क असं काहीतरी असतं. पान हिरवं होतं, आठ-पंधरा दिवस बरं वाटतं, विषाणू जिथल्या तिथे. या पैशात मातृवेलींची तपासणी झाली असती, हे बघून जीव तुटतो.

विषाणू खरोखर निघतो तो प्रयोगशाळेत. रोप काही आठवडे ३७-३८ अंश तापमानात ठेवतात, मग शेंड्याचा अगदी टोकाचा सूक्ष्म भाग घेऊन त्यापासून नवीन रोप वाढवतात आणि ते पुन्हा पुन्हा तपासतात. असं एक रोप म्हणजे पुढच्या हजारो काड्यांचं मूळ. शेतावर हे जमण्यासारखं नाही.

आमच्या बागेत पिठ्या फार नव्हता, तरी लीफरोल आला. कुठून?

काडीतून. नाशिक आणि पुणे जिल्ह्यांतल्या बागांत लीफरोलचे विषाणू २०१० नंतरच्या वर्षांत प्रयोगशाळेत ओळखले गेले. रोग त्याआधीपासून काड्यांबरोबर फिरत असणार. आपल्याकडे पद्धत अशी: जानेवारीत खुंट लावायचा आणि ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये त्यावर कलम भरायचं. डोळा काडी कोणाची? गावात ज्याचा माल चांगला निघाला त्याची. पाहुण्याची, मित्राची, कधी फुकट, कधी विकत. ही देवाणघेवाण द्राक्षशेतीचा कणा आहे आणि तिच्यातला माणुसकीचा भागही मोठा आहे. पण एका रोगट वेलीच्या काड्या शंभर वेलींवर चढल्या की पहिल्याच दिवशी शंभर वेली रोगट. जे पसरवायला पिठ्याला कित्येक वर्षं लागली असती ते एका सकाळी होतं.

करायचं एवढंच की काडी घेण्याचा निर्णय छाटणीच्या वेळी घ्यायचा नाही. मार्चमध्ये, माल काढणीच्या आसपास, लक्षणं स्पष्ट असताना ती बाग फिरून बघायची. निरोगी, गोडी चढलेल्या वेलींना रंगीत फीत बांधायची. पांढऱ्या वाणात त्यातल्या वेलींची तपासणीही करायची. नंतर फीत बांधलेल्या वेलींवरूनच काडी घ्यायची. खुंटालाही हाच नियम.

केंद्र सरकारने ऑगस्ट २०२४ मध्ये १,७६५.६७ कोटी रुपयांचा 'क्लीन प्लांट' कार्यक्रम मंजूर केला. राष्ट्रीय बागवानी मंडळ आणि भारतीय कृषी अनुसंधान परिषद मिळून देशात नऊ केंद्रं उभारणार आहेत. विषाणूमुक्त मातृरोपं, तपासणी आणि प्रमाणित रोपवाटिका हा त्याचा गाभा. द्राक्षाचं केंद्र पुण्यात ठरलं आहे. ही रोपं हातात पडतील तेव्हा ती घेण्यासाठी रांग लावायला हवी. तोपर्यंत फितीची पद्धत कोणीही, एक रुपया न घालता सुरू करू शकतो.

रोगट वेल काढून टाकायची का? काळजाला घरं पडतात.

पडणारच. पण रोगट वेल आजूबाजूच्या वेलींना रोज रोग पुरवत असते.

दक्षिण आफ्रिकेतल्या व्हर्गेलेगन या वाइनच्या मळ्याचं उदाहरण बघण्यासारखं आहे. तिथल्या सुमारे ४१ हेक्टरांवर २००२ मध्ये लीफरोलचं प्रमाण १०० टक्के होतं. २०१२ मध्ये ते ०.०३ टक्क्यांच्याही खाली आलं. जादू कुठलीच नव्हती. रोगट प्लॉट मुळांसकट काढले, जमीन काही काळ मोकळी ठेवली, प्रमाणित रोपं लावली, पिठ्या आणि मुंग्यांवर सलग नियंत्रण ठेवलं, आणि दरवर्षी ओळीने फिरून जी नवी वेल लाल दिसेल ती त्याच हंगामात उपटली. दहा वर्षांची चिकाटी.

आपल्याकडे व्यवहारात असं ठरवावं. प्लॉटमध्ये थोड्या, विखुरलेल्या वेली असतील तर त्या एकेक करून काढा. साधारण पाचातली एक वेल रोगट झाली असेल तर एकेक काढण्यात अर्थ उरत नाही, पूर्ण प्लॉट बदलण्याचं नियोजन करा. बाग जुनी असेल, दोन-तीन वर्षांत काढायचीच असेल, तर माल घ्या, पण तिथून एकही काडी बाहेर जाऊ देऊ नका. काढण्याआधी त्या वेलीवरचा पिठ्या मारा, नाहीतर उपटताना तोच शेजारी सांडतो. मुळ्या खोलवर खणून काढा. जमिनीत जिवंत राहिलेल्या मुळांत विषाणू बराच काळ टिकतो.

घानामध्ये कोकोच्या स्वोलन शूटसाठी गेल्या शतकाच्या मध्यापासून २० कोटींहून अधिक झाडं तोडली गेली. १९४०च्या दशकात वसाहती सरकारने सक्तीने कोको तोडायला लावला तेव्हा शेतकरी संतापले, आणि तो राग पुढे स्वातंत्र्याच्या चळवळीतही मिसळला. झाड शेतकऱ्याचं असतं, म्हणून ते काढायला सांगणाऱ्याने नुकसानभरपाई आणि पर्यायी रोपं यांचं उत्तर आधी द्यावं, असं मला मनापासून वाटतं.

पिठ्याचं नियंत्रण कधी करायचं? घडात दिसला की फवारतो, तरी आवरत नाही.

घडात शिरलेल्या पिठ्यापर्यंत औषध पोचत नाही, आणि पोचवायला गेलात तर अंश मण्यांवर राहतो. जानेवारी ते मार्च हा पिठ्या घडात दिसण्याचा काळ आहे. त्याला मारण्याचा काळ त्याआधीच होऊन गेलेला असतो.

खरड छाटणी झाली की एप्रिलमध्ये वेल मोकळी असते. खोड आणि ओलांड्यावरची सुटलेली साल हाताने किंवा काथ्याने काढा. पिठ्याचं घर त्याच सालीखाली आहे. काढलेली साल आणि छाटलेल्या काड्या बांधावर टाकू नका, गोळा करून नष्ट करा. मग खोड आणि ओलांडे भिजतील अशी फवारणी करा, सालीच्या भेगांत औषध उतरेल इतकी. पावसाळ्यात किडीची संख्या कमी दिसते, पण ती संपलेली नसते. फळछाटणीच्या आधी आणि लगेच नंतर हेच काम पुन्हा करा. घड फुलोऱ्यात येण्याआधी खोड-ओलांडे स्वच्छ असतील तर फेब्रुवारीत धावपळ होत नाही.

ज्या वेलींवर गेल्या वर्षी पिठ्या होता त्यांच्या खोडाला खूण करून ठेवा. तो पुन्हा तिथूनच सुरू होतो.

कोणतं औषध वापरावं?

नावं आणि मात्रा इथे देत नाही, कारण त्या हंगामागणिक बदलतात आणि चुकीच्या मात्रेचा भुर्दंड बागायतदाराला बसतो. राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र दर हंगामात लेबल क्लेम असलेल्या, म्हणजे त्या पिकासाठी अधिकृत परवानगी असलेल्या औषधांची यादी, मात्रा आणि काढणीपूर्व कालावधी जाहीर करतं. तीच यादी भिंतीवर लावा.

कामाच्या दोन गोष्टी मात्र सांगायला हव्यात. पहिली: ब्युप्रोफेझिनसारखी औषधं कात टाकणं थांबवतात, त्यामुळे ती पिल्लांवर चालतात. मोठ्या मादीवर आणि अंड्यांच्या पुंजक्यावर त्यांचा उपयोग होत नाही. पिल्लं बाहेर पडण्याची वेळ साधली नाही तर 'औषध चाललं नाही' अशी तक्रार येते. दुसरी: भारतात लेबल असणं आणि युरोपात चालणं या वेगळ्या गोष्टी आहेत. ब्युप्रोफेझिनचा वापर युरोपने खाद्यपिकांवर बंद केला आहे, आणि क्लोरपायरीफॉसला २०२० मध्ये मान्यता नाकारली. २०१०च्या हंगामात क्लोरमेक्वाट या वाढनियंत्रकाच्या अंशामुळे आपली द्राक्षं युरोपात अडकली होती, तो हंगाम निर्यातदार विसरलेले नाहीत. माल कुठे जाणार हे ठरवूनच औषध निवडा.

कडक बहुव्यापक औषधं वारंवार मारली की मित्रकीटक आधी मरतात. मेणाखाली बसलेला पिठ्या वाचतो आणि महिन्याभरात दुप्पट होऊन येतो. जास्त फवाऱ्यांनंतर पिठ्या वाढला, असं जे अनेक जण सांगतात त्यामागे हेच कारण असतं.

मुंग्यांचा काय संबंध?

फार मोठा, आणि सर्वांत दुर्लक्षित. मुंग्या पिठ्याचा गोड स्राव खातात आणि त्या बदल्यात राखणदारी करतात. परभक्षी भुंगेऱ्यांना आणि परोपजीवी माश्यांना हुसकावतात, पिल्लं उचलून नव्या फुटीवर ठेवतात. खोडावर मुंग्यांची रांग दिसली की वर पिठ्या आहेच असं समजा. शोधायला तोच सोपा माग आहे. हवाईतल्या अननसाच्या मळ्यांना हा धडा गेल्या शतकाच्या पूर्वार्धातच मिळाला: मुंग्या आवरल्या की पिठ्या आवरतो.

खोडाला आणि मांडवाच्या आधाराच्या खांबांना चिकट पट्टी बांधा. खांब विसरले तर मुंग्या तिथून चढतात. पट्टी थेट सालीवर न लावता खाली कागद किंवा प्लास्टिक गुंडाळा, आणि धूळ बसली की बदला. खोडाजवळची वारुळं शोधून तिथेच उपाय करा. वेलीचा शेंडा किंवा तण जमिनीला आणि वेलीला एकाच वेळी टेकलेलं असेल तर पट्टीचा उपयोग शून्य.

मित्रकीटकांनी खरंच काम होतं का?

होतं, पण घाईत नाही. पपईवरच्या पिठ्यासाठी २०१० मध्ये बेंगळुरूच्या राष्ट्रीय संस्थेने पोर्तो रिकोहून असेरोफॅगस पपायी ही बारीक परोपजीवी माशी आणून सोडली आणि काही महिन्यांत ती कीड आटोक्यात आली. कापसात तर एनासियस ही माशी आपणहून पसरली.

द्राक्षात क्रिप्टोलीमस हा लालसर डोक्याचा काळा भुंगेरा कामाचा. मूळचा ऑस्ट्रेलियाचा, भारतात १८९८ मध्ये आणलेला. त्याची अळी पांढऱ्या मेणाच्या धाग्यांनी झाकलेली असते आणि हुबेहूब मोठ्या पिठ्यासारखी दिसते. मजूर तीच चिरडतात! ओळख सोपी आहे: अळी आकाराने मोठी, धागे लांब, आणि ती झपाझप चालते. भुंगेरे सोडल्यावर कडक औषध मारायचं नाही आणि आधी मुंग्यांचा बंदोबस्त करायचा, नाहीतर पैसे वाया. लेकॅनिसिलियम, बिव्हेरिया या बुरशी पावसाळी दमट हवेत, संध्याकाळी फवारल्या तर चालतात. फेब्रुवारीच्या कोरड्या उन्हात त्यांच्याकडून अपेक्षा करू नका.

एक मात्र लक्षात घ्या. मित्रकीटक किडीची संख्या खाली आणतात, शून्यावर आणत नाहीत. बागेत रोगट वेली उभ्या असतील तर उरलेला थोडा पिठ्याही विषाणू पसरवायला पुरतो.

केळीत टिश्यू कल्चरची रोपं लावली, तरी स्ट्रीक कसा?

केळीच्या स्ट्रीकमध्ये पानावर मधल्या शिरेपासून कडेकडे जाणाऱ्या तुटक पिवळ्या रेषा येतात, त्या पुढे तपकिरी-काळ्या होतात. काही महिने लक्षणं गायब होऊन पुन्हा येतात. केळीच्या ज्या वाणांत रानटी बाल्बिसियाना केळीचा वंश मिसळलेला आहे, त्यांच्या स्वतःच्या जनुकांतच या विषाणूचे तुकडे जोडलेले असतात. तापमानाचा ताण किंवा ऊतिसंवर्धनाची प्रक्रिया यांमुळे ते जागे होऊन रोग सुरू होऊ शकतो. म्हणजे अशा वाणात बाहेरून पिठ्या न येताही स्ट्रीक दिसू शकतो. जळगावात मुख्यतः लावली जाणारी ग्रँड नैन त्या वंशाची नाही. तिच्यात स्ट्रीक आला तर संशय रोपांच्या मूळ कंदावर आणि पिठ्यावर घ्यावा. तपासणीचा दाखला असलेल्या प्रयोगशाळेचीच रोपं घ्या, रोगट झाडाचे मुनवे कधीही लावू नका, आणि असं झाड कंदासकट काढा.

कोकणात नारळी-पोफळीवरच्या मिरीचे वेल खुजे राहतात, पानं बारीक होतात. हाच प्रकार का?

बऱ्याचदा हाच. पानांवर पिवळसर ठिपके-पट्टे, लहान आणि वाकडी पानं, आखूड पेरं, कमी दाणे धरलेले घोस. विषाणू छाटकलमांतून येतो आणि पिठ्या त्याला आजूबाजूला नेतो. मिरीत तर मुळांवरही पिठ्या असतो, म्हणून रोप घेताना पिशवी उलटी करून मुळं बघा. खुज्या वेलाची छाटं कधीही लावू नका.

अननसाचं काय?

अननसाचा मर वेगळा आहे. नुसता विषाणू असून चालत नाही, नुसता पिठ्या असूनही चालत नाही. दोन्ही एकत्र आले तरच झाड कोमेजतं. म्हणून गोव्यात, सिंधुदुर्गात अननस लावणाऱ्यांनी पिठ्या आणि मुंग्या आवरल्या तर रोग खरोखर थांबतो. द्राक्षवाल्यांना ही सवलत नाही.

छाटणीच्या कात्रीने लीफरोल पसरतो का? मजुरांची टोळी गावभर फिरते.

कात्रीच्या पात्याला लागलेल्या रसातून हा विषाणू पसरत नाही, त्यामुळे प्रत्येक वेलीला कात्री बुडवत बसण्याची गरज नाही. टोळीबरोबर येतो तो पिठ्या: कपड्यांवर, डोक्याच्या फडक्यावर, क्रेटमध्ये, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत. निरोगी प्लॉट आधी, पिठ्याचा प्लॉट शेवटी, असा कामाचा क्रम ठेवा. क्रेट धुऊन आत घ्या. विरळणी, डिपिंगच्या (घड द्रावणात बुडवण्याच्या) काळात हे विशेष पाळा, कारण तेव्हा हात आणि कपडे घडांना सतत लागतात.

शेजाऱ्याच्या बांधावर गाजर गवत, पेटारी, जास्वंद आहे आणि पिठ्याने भरलेली आहे. मी एकट्याने काय करू?

त्या झाडांवरून तुमच्याकडे कीड येईल, लीफरोल येणार नाही. तो विषाणू द्राक्षवर्गातच राहतो, गाजर गवतात किंवा जास्वंदीत नाही. तेव्हा भांडण न करता बांधालगतच्या दोन-तीन ओळींवर जास्त लक्ष ठेवा, तिथल्या खोडांना पट्ट्या आधी बांधा, आणि तण फुलोऱ्यात येण्याआधी कापा. पिठ्याने भरलेलं तण कापून तिथेच टाकलं तर पिल्लं चालत वेलीवर येतात, म्हणून कापल्यावर लगेच गोळा करून पुरा.

शेजाऱ्याची बागच सोडून दिलेली, पडीक द्राक्षबाग असेल तर मात्र गोष्ट वेगळी. तिथे कीड आणि विषाणू दोन्ही आहेत, आणि कोणी फवारत नाही, छाटत नाही. ती काढण्यासाठी मालकाशी बोला, जमलं तर चार जणांनी मिळून काढण्याचा खर्च वाटून घ्या, आणि मजूर लावण्याआधी तिथल्या खोडांवर एकदा फवारणी करून घ्या.